समुद्रसपाटीपासूनची उंची

लातूरच्या रेल्वे स्थानकावर उतरले की फलाटाच्या टोकाशी पिवळी पाटी दिसते. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत गावाचे नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. मराठवाड्यातल्या माणसाच्या आयुष्यात समुद्र पहिल्यांदा येतो तो असा, उंची मोजण्याच्या सोयीसाठी मानलेले एक शून्य म्हणून. कोकणातल्या माणसाला समुद्राची गाज ठाऊक असते, मासळी ठाऊक असते, भरती-ओहोटीचे वेळापत्रक ठाऊक असते. आमचे लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशे मीटरांहून उंच आणि जवळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आत. नोकरीनिमित्त आम्ही जिथे राहतो ते नांदेड सखल आहे, गोदावरीच्या काठावर आहे. पण गोदावरीही जवळच्या समुद्राकडे पाठ करून पूर्वेला लांबच्या उपसागराकडे निघालेली. लातूरची मांजरा पुढे तिलाच मिळते. म्हणजे आमच्या नद्यांनादेखील अरबी समुद्राशी काही देणेघेणे नाही. आमच्या आईने उभ्या हयातीत समुद्र पाहिला नाही आणि तिला त्याची कधी खंतही वाटली नाही.

असे असूनही गेली कित्येक वर्षे आमच्या गावच्या पारावर समुद्राची चर्चा चालते. तीही शेजारच्या समुद्राची नव्हे, तर पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, पेरू देशाच्या किनाऱ्यालगत पसरलेल्या प्रशांत महासागराची. ‘निनो आलाय म्हणे’, ‘यंदा निना हाय’ ही वाक्ये आम्ही चहाच्या टपरीवर, बियाण्याच्या दुकानात आणि एकदा तर मयतीला जमलेल्या माणसांत ऐकली आहेत. ज्यांच्या आजोबांनी हस्त, चित्रा, स्वाती या नक्षत्रांवर आणि त्या नक्षत्रांच्या वाहनांवर रब्बीचा हिशेब मांडला, त्यांची नातवंडे आज विषुववृत्तावरच्या पाण्याचे तापमान अर्ध्या अंशाने चढले की उतरले हे मोबाइलवर पाहतात. या बदलाचे आम्हाला कौतुकच वाटत आले आहे. मात्र या कौतुकाच्या भरात आमच्या हातून एक चूक घडली, आणि ती आम्ही ज्या विषयाचे अध्यापन करतो त्या विषयातली होती. म्हणून हे टिपण.

२०२४ सालचा पावसाळा मराठवाड्याला चांगला गेला होता. सप्टेंबरच्या आरंभी तर तो इतका कोसळला की नांदेड-परभणी-हिंगोलीकडे शिवारे पाण्याखाली गेली. औसा तालुक्यात आमची जी थोडी जमीन आहे ती थोरले बंधू पाहतात. त्यांच्या विहिरीला त्या वर्षी काठोकाठ पाणी होते. दसरा झाल्यावर एके रात्री त्यांचा फोन आला.

“तू पेपर वाचतूस, इंग्रजीबी वाचतूस. यंदा थंडी कशी ऱ्हाईल ते सांग. पानी हाय तर गहू वाढवावं म्हंतो.”

आण्णा दरसाल एखादा एकर गहू घरापुरता करतात आणि उरलेल्या रानात हरभरा व शाळू. हरभऱ्याला पाणी कमी लागते आणि ऊन-थंडीच्या बाबतीत तो जरा सोशिक आहे. गव्हाचे तसे नाही. त्याला पाच-सहा पाण्याच्या पाळ्या हव्यात आणि त्याहून अधिक हवी ती थंडी. ओंबी भरण्याच्या दिवसांत रात्री उबदार झाल्या की गहू घाईने पिकतो आणि दाणा चिमतो. तेव्हा प्रश्न साधा नव्हता. तीन एकरांचे बियाणे, खत, मशागत आणि चार महिन्यांची राखण त्या प्रश्नाला बांधलेली होती.

आम्ही उत्तर दिले, “आण्णा, यंदा ला निना आहे. ला निनामुळे थंडी चांगली पडणार. गहू करा बिनघोर.”

आण्णांनी तीन एकर गहू केला. सोयाबीन निघायला उशीर झाला, रान वाफशावर यायला आणखी उशीर झाला, आणि पेरणी नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. डिसेंबरच्या मध्यावर थोडे दिवस खरोखरच कडाक्याचे गेले. परभणीचा पारा पार खाली उतरल्याच्या बातम्या आल्या आणि आम्ही नांदेडात शाल पांघरून स्वतःवरच खूश झालो. तीस डिसेंबरला वेळ अमावास्या होती. लातूर-धाराशिवकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप उभारून आत पूजा मांडायची, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर यांचे वनभोजन करायचे आणि उभ्या पिकाला नैवेद्य दाखवायचा. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. आभाळ भरून आले होते, वारा पूर्वेचा होता आणि अंगावरचे स्वेटर काढून कोपीच्या मेढीला टांगावे लागले. आण्णांनी गव्हाकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले. आमच्याकडे पाहिले नाही.

पुढचे सारे नोंदीत आहे. २०२५ चा जानेवारी हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तिसऱ्या क्रमांकाचा उष्ण जानेवारी ठरला आणि फेब्रुवारी तर सर्वांत उष्ण फेब्रुवारी. आमच्या गव्हाची ओंबी नेमकी त्या फेब्रुवारीत भरत होती. उतारा घटला, दाणा बारीक आला, आणि व्यापाऱ्याने मूठभर गहू तळहातावर घेऊन, फुंकर मारून, काही न बोलता पुन्हा पोत्यात टाकला. आण्णाही आम्हाला काही बोलले नाहीत. आमच्या घराण्यात मोठी माणसे रागावली म्हणजे अबोल होतात. उन्हाळ्यात आम्हीच विषय काढला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “चिंचुका उलटा पडला. त्येला तू काय करनार?”

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. लहानपणी आम्ही भाऊ-भाऊ ओसरीवर खडूने पट आखून चिंचोक्यांनी खेळत असू. चिंचोका दगडावर घासून त्याच्या दोन फाका करायच्या. काळी बाजू आणि पांढरी बाजू. चार फाका हातात खुळखुळवून टाकायच्या आणि पांढऱ्या किती पडल्या त्यावर घरे चालायची. आण्णा यात वस्ताद होते. एखादी फाक ते अशी घासत, की ती बहुधा पांढरीच पडे. पण केवळ बहुधा. दहा डावांत तीनदा ती काळी पडे, आणि नेमक्या मोक्याच्या डावाला काळी पडली म्हणून आण्णा ती फेकून देत नसत. घासलेल्या चिंचोक्याचा भरवसा किती धरायचा हे त्यांना पक्के ठाऊक होते. आम्हाला मात्र, पदव्या घेऊनही, ते ठाऊक नव्हते. समुद्राचे पाणी हिवाळ्याचा चिंचोका एका बाजूने घासते. तो कसा पडेल हे सांगत नाही.

हा घासण्याचा व्यवहार कसा चालतो, हे जे आम्हाला उमगले ते सांगतो. एरवी विषुववृत्तावरचे पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे प्रशांत महासागराचे तापलेले पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाच्या बाजूला लोटत असतात. तिथे हवा वर चढते, ढग दाटतात, पाऊस पडतो. तिकडे पेरूच्या किनाऱ्याशी खालचे थंड पाणी वर येते. काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात, ऊबदार पाणी पूर्वेकडे सरकते आणि त्याच्यामागून पावसाचे सारे बिऱ्हाड हलते. पेरूच्या कोळ्यांना हे पाणी नाताळाच्या सुमारास जाणवे, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले, एल निनो. याच्या उलट, वारे नेहमीहून जोरात वाहिले आणि पूर्वेचे पाणी अधिकच थंडावले की ती ला निना. ठरावीक पट्ट्यातल्या पाण्याचे तापमान सरासरीपेक्षा अर्ध्या अंशाने वर किंवा खाली जाऊन काही महिने टिकले की शास्त्रज्ञ या नावांचा उच्चार करतात. अर्धा अंश! आपल्या घरच्या माठाला जो फरक कळणार नाही त्या फरकावर लाखो चौरस किलोमीटर पाणी तापते किंवा निवते आणि त्याने आकाशातली ऊर्जेची वाटणी बदलते. ला निनाच्या हिवाळ्यात इंडोनेशियाच्या आकाशातली उलाढाल वाढते, वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांच्या लाटांचे वळण बदलते, आणि वायव्येकडची कोरडी थंड हवा मध्य भारतावर उतरायला वाट थोडी मोकळी होते. एल निनोच्या हिवाळ्यात ती वाट थोडी अडते. या ‘थोडी’ शब्दावर आमचे सारे गाडे अडले होते.

कारण ती थंडी मराठवाड्यापर्यंत पोचण्याआधी वाटेत आणखी बरेच धनी आहेत. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ हिमालयावरून जातात. ते पुढे सरले की मागून उत्तरेचे वारे सुटतात आणि आपल्याकडे चार-सहा दिवस हुडहुडी भरते. ते रेंगाळले किंवा अवेळी आले तर उलट ढग येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठले की पूर्वेचे दमट वारे आत शिरतात आणि रात्रीचे आभाळ झाकून टाकतात. जमिनीची दिवसाची ऊब मग वर निसटून जात नाही आणि पहाटेचा गारवा नाहीसा होतो. येळवसेला मेढीवर टांगलेल्या आमच्या स्वेटरचा खुलासा पेरूत नव्हे, आमच्या डोक्यावरच्या ढगात होता. या सर्वांच्या खाली आहे ती सबंध पृथ्वीची चढती पायरी. २०२० ते २०२२ या लागोपाठ तीन ला निना वर्षांचे जागतिक तापमान १९९८ या एल निनोने गाजलेल्या वर्षाहून अधिक होते. आजची ‘थंड’ बाजूदेखील कालच्या ‘उष्ण’ बाजूच्या वर सरकली आहे. आण्णांच्या लहानपणचा चिंचोका राहिलेला नाही. आता तो दोन्ही बाजूंनी घासला जात आहे.

या ज्ञानाचा इतिहास आपल्याच देशातून जातो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची वाताहत केली. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेला आपला मुलूखही त्या पट्ट्यातच होता. १८७७ मध्ये प्रशांत महासागरात फार मोठा एल निनो होता हे आज ठाऊक आहे. तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. भारतीय हवामान खाते त्या दुष्काळाच्या तोंडावर, १८७५ साली, स्थापन झाले होते. १९०४ मध्ये त्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाकडे आली. त्यांना हवामानशास्त्राचा अनुभव नव्हता. पण आकड्यांशी प्रामाणिक राहण्याचा होता. त्यांनी जगभरच्या ठाण्यांवरचे हवेचे दाब, तापमान, पाऊस, नाईल नदीचे पूर असे सारे गोळा केले आणि कारकुनांच्या ताफ्याकडून ते एकमेकांशी ताडून पाहिले. भारताचा पाऊस आधी सांगता यावा हा हेतू होता. तो पुरता साधला नाही. मात्र १९२० च्या दशकात त्यांच्या हाती दुसरेच काही लागले. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराकडे तो घटतो, आणि पुन्हा उलटे. जणू दोन टोकांना बांधलेला एक झोका. त्याला त्यांनी दक्षिणी दोलन म्हटले. या झोक्याचा आणि समुद्राच्या तापमानाचा सांधा याकोब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये जुळवला. वॉकर यांचे कार्यालय शिमल्याला होते. ते १९२८ साली पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. शहरबसमध्ये बसून त्या नावाच्या थांब्यावर आम्ही अनेकदा उतरलो, पण ते नाव पुण्यात कसे आले हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

वॉकर यांच्याकडून आम्हाला शिकण्यासारखे होते ते हे, की सोबत जाणाऱ्या दोन गोष्टींची नोंद करणे वेगळे आणि एक दुसरीचे मूळ आहे असे जाहीर करणे वेगळे. १९९७ साली विसाव्या शतकातला एक अतिशय प्रबळ एल निनो आला. सारे जण दुष्काळाची वाट पाहत बसले आणि देशाचा पाऊस सरासरीहून किंचित जास्तच पडला. २००२ साली त्या मानाने बेताचाच एल निनो होता आणि पाऊस एकोणीस टक्क्यांनी घटला. १९९७ चे कोडे सोडवताना आपल्या घराशेजारचा हिंदी महासागर चर्चेत आला. त्याचा पश्चिम भाग तापतो तेव्हा पूर्व भाग निवतो आणि कधी याच्या उलट, हे द्विध्रुवाचे तत्त्व १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी मांडले. आणखी एक उदाहरण आमच्या लोकांच्या जिव्हारी लागलेले आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर दिवसामागून दिवस गारपीट झाली. उभा गहू, हरभरा, शाळू, मोसंबी, द्राक्षे झोडपून निघाली, गारांच्या माऱ्याने जनावरे-पाखरे मेली. हातातोंडाशी आलेल्या रब्बीची एवढी धूळधाण आमच्या आठवणीत दुसरी नाही. त्या वेळी प्रशांत महासागर काय करीत होता? काही नाही. तो तटस्थ होता, ना निनो ना निना.

आता आमच्या चुकीकडे वळतो. गेली वीस-बावीस वर्षे आम्ही नांदेडात मराठी साहित्य शिकवतो आहोत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य आम्ही शेकडो वेळा तांबड्या शाईने अधोरेखित केले आहे: ‘दुसऱ्या महायुद्धामुळे मर्ढेकरांची नवकविता जन्माला आली.’ त्याच्या समासात आम्ही लिहितो, ‘मग त्याच युद्धाच्या काळात जगणाऱ्या इतर कवींनी तशी कविता का लिहिली नाही?’ वर्गात आम्ही पोटतिडकीने सांगतो की युग कविता लिहीत नाही; युग फार तर काही शक्यता जवळ आणते, काही लांब नेते. कवितेचा कर्ता कवीच. परिस्थिती आणि निर्मिती यांच्यामध्ये ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय घालताना हात थरथरला पाहिजे. ज्या गावात नरहर कुरुंदकर शिकवून गेले, त्या गावातल्या मराठीच्या अध्यापकाला हा विवेक नव्याने सांगावा लागू नये. आणि त्याच अध्यापकाने, आपल्या थोरल्या भावाला, तीन एकरांच्या जिवावर, ‘ला निनामुळे थंडी पडणार’ असे बिनदिक्कत सांगितले! विद्यार्थ्याने असे लिहिले असते तर आम्ही दहापैकी तीन गुण दिले असते. विद्यार्थ्याचे नुकसान त्या तीन गुणांवर थांबले असते, आण्णांचे पोत्यांत मोजावे लागले.

त्या एका वाक्यात खरे तर दोन अपराध होते. त्या ऑक्टोबरात ला निना ‘होती’ असे नव्हतेच. ती वर्षअखेरपर्यंत येण्याची शक्यता हवामान संस्था सांगत होत्या. आम्ही ‘येण्याची शक्यता’चे ‘आहे’ केले. शिवाय ती आली तर थंडी अधिक पडण्याकडे कल असतो. आम्ही ‘कल’चे ‘पडणार’ केले. उदाहरणादाखल धरा, की ती येण्याची शक्यता दहांत सात होती आणि आल्यास थंडी पडण्याचीही दहांत सात. दोन्ही मिळून होणारी शक्यता सात नव्हे. ती शंभरात एकोणपन्नास. म्हणजे नाणे उडवल्यासारखे. प्रत्यक्षात ला निना आली ती उशिरा, अंगाने अशक्त, आणि तिने काही आमचे ऐकले नाही. आणि ज्या एका गोष्टीवर गहू खरोखर अवलंबून होता ती, म्हणजे पेरणी कोणत्या तारखेला होणार, ती तर आम्ही विचारलीच नाही. ओंबी फेब्रुवारीच्या उन्हात सापडली ती उशिराच्या पेरणीने. पेरूच्या किनाऱ्यावर आमची नजर लागलेली. स्वतःच्या बांधावर काय चालले आहे याची चौकशी करण्याचे भान राहिले नाही.

ही केवळ एका प्राध्यापकाची गफलत असती तर ती लिहिण्याजोगी नव्हती. पण ‘मुळे’ची ही सवय सार्वजनिक आहे आणि तिची सावली मोठी आहे. बहात्तरचा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सतत येतो. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्याच १९७२ साली, त्याच एल निनोत, पेरूच्या कोळ्यांची जाळी रिकामी पडली आणि तिथला मासेमारीचा धंदा कोसळला. हा योग कळला तेव्हा आम्हाला गलबलून आले. कधी न भेटलेली दोन गावे एकाच पाण्याने उपाशी ठेवली. पण महाराष्ट्रात त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, पुढे तिचा कायदा झाला, ती समुद्रामुळे नव्हे. माणसांनी ठरवले म्हणून. आणि २०१५ पाहा. त्या वर्षी एल निनो अतिशय प्रबळ होता, पाऊस दगा देऊन गेला, त्या हिवाळ्यात कित्येकांनी रब्बीची तिफणच बाहेर काढली नाही. मांजरा धरण कोरडे पडले. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिला जलदूत म्हणत. कालिदासाच्या मेघाची आठवण व्हावी असे नाव; पण हा दूत रुळांवरून आला आणि निरोपाऐवजी पाणीच घेऊन आला.

त्या वेळीही वाक्य तेच होते, ‘एल निनोमुळे लातूरला पाणी नाही.’ यातला समुद्राचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. तो मोठाच होता. पण ज्या जिल्ह्याचे आकाश दर दोन-चार वर्षांनी हात आखडते हे शंभर वर्षांच्या नोंदी सांगतात, त्या जिल्ह्यात बारमाही पाणी पिणारा ऊस कोणी वाढवला? शहराने आपली सारी तहान एका धरणावर कोणी टांगली? मांजरेचे, तेरणेचे पात्र वाळूसाठी कोणी खरवडले? समुद्राला कर्तृपद बहाल केले की हे सारे प्रश्न वाक्यातून निघून जातात. व्याकरणाच्या पुस्तकात कर्ता बदलला की क्रियापद बदलते; इथे कर्ता बदलला की जबाबदारी बदलते. त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस आला, मांजरा पुन्हा भरले, आणि धरणाखालच्या रानांत पुन्हा उसाच्या कांड्या पडल्या. आण्णांच्या शेजारच्या रानातही पडल्या. ‘यंदा निना हाय’, शेजारी म्हणाले होते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेडकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला, गावांत पाणी शिरून माणसे गेली. सप्टेंबरात तर मराठवाड्यातल्या नद्यांनी काठची माती खरवडून नेली. आण्णांचे सोयाबीन उभ्या पाण्यात सडले, ओढ्याकाठच्या एका पट्टीत मुरूम उघडा पडला. प्रशांत महासागरात पुन्हा ला निनाची चाहूल लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या. दिवाळीला आम्ही गावी गेलो. आण्णा विचारतील की नाही याची आम्हाला धाकधूक होती. न विचारणे हीच मोठी शिक्षा ठरली असती. जेवण झाल्यावर ओसरीवर अडकित्ता काढून सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारले, “मग? यंदा काय म्हंतोय तुझा समिंदर?”

आम्ही या खेपेला वेळ घेतला. म्हणालो, “आण्णा, समुद्र थंडीच्या बाजूने कललेला आहे. दहांत सहा वेळा अशा वर्षी थंडी बरी पडावी, चारदा पडू नये, असे धरून चाला. पण फेब्रुवारी अलीकडे वर्षागणिक तापतो आहे, ते त्या दहांच्या बाहेरचे. उपसागरात वादळ उठले तर आठ-पंधरा दिवस ढग येतील, हरभऱ्यावर घाटेअळीची नजर ठेवावी लागेल. आणि तुमचे रान वाफशावर कधी येणार, पेरणी कोणत्या तारखेला होणार, ते आधी सांगा. त्यावर निम्मे उत्तर आहे.”

आण्णा सुपारीचे खांड तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे चिंचुका घासलेला हाय, पर डाव आपल्यालाच खेळायचा.”

“होय.”

“हे गेल्या साली सांगितलं आस्तंस तर गहू एक एकरच केलो आस्तो.” वर्षभरातले हे त्यांचे पहिले बोल होते, ज्यांत राग होता, आणि आम्हाला हायसे वाटले. ज्याला उत्तर देता येते त्याच्यावरच माणूस रागावतो.

त्यांनी एक एकर गहू लवकर पेरला, ओलीच्या रानात शाळू टाकला आणि बाकी हरभरा. मुरूम उघडा पडलेल्या पट्टीत काही केले नाही; तिथे गाळ आणून टाकायचा आहे. त्या हिवाळ्यात थंडी किती पडली आणि कोणत्या पिकाचा उतारा काय आला, हे आम्ही इथे मुद्दाम सांगत नाही. सांगितले, की आमचे उत्तर बरोबर आले की चूक, असा निवाडा वाचक त्यावरून करणार, आणि एका डावावरून चिंचोक्याची परीक्षा होत नसते. २०२४ मध्ये कदाचित थंडी पडलीही असती, गहू पिकलाही असता, आणि आम्ही आयुष्यभर स्वतःला शहाणे समजत राहिलो असतो. तरी ते वाक्य चूकच ठरले असते.

नांदेडला परतताना लातूर स्थानकावर गाडीची वाट पाहत होतो. पिवळी पाटी समोरच होती. समुद्रसपाटीपासून इतके मीटर. ही उंची मोजणाराने समुद्राला शून्य धरले, आणि चढ किती आहे ते आपल्या जमिनीवर पाऊल टाकत मोजले. पुढच्या सत्रात उत्तरपत्रिका तपासायला बसू तेव्हा ‘मुळे’ खाली तांबडी रेघ ओढताना आम्हाला तीन एकर गहू आठवेल, आणि समासातला प्रश्न थोडा अधिक सबुरीने लिहिला जाईल.